चाऱ्याच्या गोल गाठी : वाहतुकीचे साधन निवडताना

वाशीम जिल्ह्यातील खरिपाचे प्रमुख पीक सोयाबीन. मळणीनंतर उरणारे कुटार, म्हणजे काड्या व टरफले, उन्हाळ्यात जनावरांच्या कामी येते. मात्र सुटे कुटार जागा फार व्यापते. ट्रॅक्टरवर चालणारा बेलर अशा अवशेषांच्या गोल गाठी बांधतो. त्या हलविण्याचे साधन गाठीच्या वजनावरून ठरवावे.

लहान बेलरची गाठ साधारण २० किलोंची असते. ती मजूर हातांनी उचलतात. बैलबंडी किंवा ट्रॉली पुरेशी ठरते. पाश्चात्त्य देशांतील कुरणांवरची मोठी गाठ कित्येकशे किलोंची असते. तिच्यासाठी ट्रॅक्टरमागे टोकदार दांडा किंवा पुढे लोडर लागतो. मागील उचलक्षमता सामान्यतः जोडबिंदूंपासून ६१० मिलिमीटरवर मोजतात. भार त्याहून मागे गेल्यास ती घटते. मागच्या भाराने पुढील चाके हलकी होऊन स्टिअरिंगचा ताबा सुटतो. म्हणून पुढे वजने जोडावीत. लोडर असल्यास ती मागे हवीत. लोडरवर उंच उचललेली गाठ मागे घरंगळून चालकावर कोसळू शकते. चढउताराच्या रानात ती जमिनीलगत ठेवूनच न्यावी.