शिस्त आधी कुणाला लावायची?

शिक्षकांच्या प्रशिक्षणांत हल्ली 'सकारात्मक शिस्त' हा शब्द वारंवार कानी पडतो. छडी नको, अपमान नको, मुलाचे कौतुक करा, त्याला जबाबदारी द्या. चांगलेच आहे. पण हे सारे परदेशी पुस्तकांतून आले असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा आपला इतिहास पुसला जातो.

मुळात प्रश्नच उलटा विचारला जातो: मुले नीट वागत नाहीत, काय करावे? साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव नावाचा मुलगा स्वतःचे गोणपाट टाकून वेगळा बसे. शाळा झाडणारा नोकरही त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचे आणि रोज आणायचे. तहान लागली तर नळ सोडायला शिपाई हवा. शिपाई नाही, तर पाणी नाही. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तो वर्ग अगदी शिस्तबद्ध दिसला असता!

म्हणून आपल्या महापुरुषांनी शिस्त आधी शिक्षकाला लावली. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतिराव फुल्यांनी मागणी केली की प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत. नांगराचे रुमणे किंवा सुताराची वाकस हाती धरायला न लाजणारे, गोरगरिबांत सहज मिसळणारे असावेत. सोवळे सांभाळून दूर उभ्या राहणाऱ्याला मुलाची गरज कळणार कशी? १९१९ साली शाहू महाराजांनी त्याही पुढचे पाऊल टाकले. कोल्हापूर संस्थानच्या नोकरांना हुकूम सुटला: अस्पृश्यांशी ममतेने आणि समतेने वागा, जमत नसेल तर सहा आठवड्यांत राजीनामा द्या, पेन्शन मिळणार नाही. त्याच वर्षी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळांत घेण्याचाही हुकूम निघाला. एवढ्या स्पष्ट भाषेतले परिपत्रक आज कुठल्या शिक्षणाधिकाऱ्याने काढले तर मी त्याचा जाहीर सत्कार करीन.

आता नाशिकचे पाहा. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराकडे निघालेली मिरवणूक जवळजवळ मैलभर लांब होती. चार-चारच्या रांगा, त्यात शेकडो स्त्रिया. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड या लढ्याच्या आघाडीवर. ज्यांना गावाने 'बेशिस्त', 'अडाणी' म्हटले, शाळेच्या दाराबाहेर ठेवले, तीच माणसे मंदिराचे दरवाजे बंद दिसल्यावरही रांग मोडत नाहीत. त्यांच्या पाठीवर कुणाची छडी नव्हती. आपण माणूस आहोत आणि आपल्यावर विश्वास टाकला गेला आहे, एवढे त्यांना कळले होते. वर्गात मुलाला जबाबदारी देणे म्हणतात ते याहून वेगळे काय आहे?

शिक्षण हक्क कायदा २००९ चे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. शिष्यवृत्तीची यादी वाचताना भर वर्गात मुलाची जात पुकारणे हाही मानसिक छळच, असे मी म्हणतो. छडी गेली म्हणून शिक्षा गेली असे कुणी समजू नये. याच कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते. आपल्या वस्तीतल्या शाळेच्या समितीवर कोण आहे, ते या आठवड्यात विचारून या. शेवटच्या बाकावर कोण बसते आणि पाणी प्यायला कोण आधी जाते, तेही पाहून या.