हर्षद मेहता प्रकरण : शेअर बाजार आणि वृत्तपत्रे यांच्यातील संघर्षाचा मागोवा

शेअर बाजारातील बडे व्यवहारकर्ते आणि आर्थिक पत्रकारिता यांच्यातील भारतातील सर्वांत गाजलेला संघर्ष म्हणजे १९९२ सालचे हर्षद मेहता प्रकरण होय. 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या पत्रकार सुचेता दलाल यांनी २३ एप्रिल १९९२ रोजी दिलेल्या वृत्ताने त्यास तोंड फुटले.

उदय आणि प्रसिद्धी

मेहता यांचा जन्म १९५४ साली गुजरातमध्ये झाला. भिलाईकडे जाताना कुम्हारीच्या अलीकडे लागणाऱ्या रायपूर शहरात शालेय शिक्षण घेऊन ते मुंबईस आले व शेअर दलालीत स्थिरावले. १९९२ च्या आरंभी दोन हजारांच्या आसपास असलेला मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक २२ एप्रिलला ४,४६७ वर पोहोचला. या काळात वृत्तपत्रे व नियतकालिकांनी मेहता यांना 'बिग बुल' हे बिरुद बहाल केले. त्यांच्या वरळीतील निवासस्थानाची आणि परदेशी मोटारीची रसभरीत वर्णने छापून आली. एवढा पैसा येतो कोठून, हा प्रश्न मात्र फार थोड्यांनी विचारला.

वृत्त आणि प्रतिवाद

स्टेट बँकेचे सुमारे ५०० कोटी रुपये एका बड्या दलालाकडे अडकले असून हिशेब चुकता करण्यास त्यास सांगण्यात आले आहे, अशा आशयाचे ते वृत्त होते. त्यात मेहता यांचे नाव नव्हते. तरी रोख कोणाकडे आहे, हे बाजाराने ओळखले.

त्या वेळी बँका सरकारी रोख्यांची अल्पमुदतीची खरेदी-विक्री दलालांमार्फत करीत. प्रत्यक्ष रोख्यांऐवजी बँक पावत्या दिल्या जात आणि धनादेशाची रक्कम दलालाच्या खात्यात जमा होई. हाच पैसा शेअर बाजाराकडे वळवला गेला. आपण प्रचलित पद्धतीनुसारच व्यवहार केले, असा मेहता यांचा पवित्रा होता.

रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने मात्र अशा सर्व व्यवहारांत अडकलेली रक्कम ४,०२४ कोटी रुपये असल्याचे दाखवून दिले. रोख्यांचा आधार नसलेल्या पावत्या देणारी बँक ऑफ कराड त्याच वर्षी अवसायनात गेली.

वृत्तपत्रे हेच व्यासपीठ

जून १९९२ मध्ये मेहता यांना अटक झाली. जामिनावर सुटल्यावर त्यांनीही वृत्तपत्रांचाच आधार घेतला. जून १९९३ मध्ये पत्रकार परिषद घेऊन, पंतप्रधान नरसिंह राव यांना एक कोटी रुपये दिल्याचा आरोप त्यांनी केला. राव यांनी तो फेटाळला. पुढे मेहता स्वतःच गुंतवणूकविषयक स्तंभलेखन करू लागले. १९९९ मध्ये मारुती उद्योगाच्या निधीच्या प्रकरणात त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. ३१ डिसेंबर २००१ रोजी ठाणे येथे कोठडीत असताना त्यांचे निधन झाले. सुचेता दलाल यांना २००६ मध्ये पद्मश्री प्रदान करण्यात आली.

न्यायालयाची भूमिका

२०१५ मध्ये हा संघर्ष नव्या रूपात पुढे आला. संगणकाधारित व्यवहारांतील कथित पक्षपाताबाबतच्या लेखावरून राष्ट्रीय शेअर बाजाराने दलाल व देवाशिष बसू यांच्या 'मनीलाइफ'विरुद्ध १०० कोटी रुपयांचा बदनामीचा दावा दाखल केला. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ९ सप्टेंबर २०१५ रोजी मनाई हुकूम नाकारला आणि ५० लाख रुपये भरण्याचा आदेश राष्ट्रीय शेअर बाजारालाच दिला. त्यांपैकी ४७ लाख रुपये रुग्णालयांना द्यावयाचे होते.