संत रॉकची गाठ आणि मांडवीचा ताप

युरोपातील जुन्या ख्रिस्तमंदिरांत संत रॉकचा पुतळा दिसला, तर एक गोष्ट चटकन नजरेत भरते. इतर संत हात जोडून स्वर्गाकडे पाहत असतात. फ्रान्समधील माँपेलिए नगरीचा हा यात्रिक मात्र झगा वर सारून मांडीवरील गाठीकडे बोट दाखवीत उभा असतो. पायाशी तोंडात भाकरी धरलेले कुत्रे असते. इटलीत प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना त्यालाही तो रोग जडला आणि तो रानात जाऊन राहिला, असे परंपरा सांगते. प्लेगची गाठ खरे तर बहुधा जांघेत येते. शालीनतेपोटी कलावंतांनी ती मांडीवर आणली. ग्रीक भाषेत जांघेला ‘बूबोन’ म्हणतात. त्यावरून या रोगाचे ‘ब्युबॉनिक’ हे नाव पडले. निरक्षर भाविकालाही लक्षण ओळखता यावे, असे हे चित्र होते, असे आम्हांस वाटते.

शमुवेलच्या पहिल्या ग्रंथात पलिष्टी लोक गाठींच्या आणि उंदरांच्या सोन्याच्या प्रतिमा अर्पण करतात. तो रोग प्लेगच होता असे छातीठोकपणे म्हणता येत नाही; पण गाठ आणि उंदीर ही जोडी तेथे एकत्र यावी, हे विलक्षण खरे.

मुंबईवर ही आपत्ती कोसळली ती १८९६ च्या सप्टेंबरात. बंदरालगतचा मांडवी हा धान्याच्या वखारींचा भाग. तेथे ताप येऊन गाठ उठे आणि माणसे थोड्याच दिवसांत दगावत. डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी रोगी तपासले आणि हा प्लेग आहे, असे स्पष्ट सांगितले. व्हिएगस हे गोव्यातील बार्देशच्या हडफडे गावचे, आपल्याच धर्माचे, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि नगरपालिकेचे सभासद. प्रारंभी अधिकारी या नावाला राजी नव्हते. प्लेग म्हटले की परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना अडवणार, व्यापार बसणार! अखेर स्वतंत्र तज्ज्ञांनी तपासणी करून निदान खरे ठरविले. मेट्रो चित्रपटगृहासमोर या डॉक्टरांचा पुतळा आहे. त्याखालून जाणाऱ्या आपल्या लोकांपैकी कितीजण तो ओळखतात, हा प्रश्नच आहे.

त्यांनी ओळखले ते काय? पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे घरोघरी ठाऊक असते. परंतु प्लेगची चाल निराळी. थंडी वाजून एकाएकी सपाटून ताप भरतो, डोके फुटल्यासारखे दुखते, रोगी पार गळून जातो; कधी दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो व बोलणे अडखळते. जांघेत, काखेत किंवा मानेत उठलेली गाठ इतकी दुखते, की तिला हात लावू देववत नाही. फुप्फुसाच्या प्लेगात तर गाठही नसते. खोकला, छातीत कळा आणि रक्तमिश्रित थुंकी. हा प्रकार खोकल्यातून माणसाकडून माणसाकडे जातो व सर्वांत घातक ठरतो. या सर्वांआधी येणारी खूण म्हणजे उंदीर पडणे. मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसवा माणसाकडे वळतात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले. आपल्याकडील खेडुतांना पिसवेचे शास्त्र ठाऊक नव्हते. तरी घरात उंदीर पडू लागताच ते गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहत.

पुढे घडले ते दुःखद आहे. १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात गोरे सोजीर घरात शिरून रोगी शोधू लागले. रेल्वे स्थानकांवर प्रवाशांच्या काखा व जांघा तपासल्या जात. त्यातून स्त्रियाही सुटल्या नाहीत. जे लक्षण संताने उघडे करून दाखविले, तेच लोक भीतीपोटी झाकू लागले आणि आजारी माणसांना माळ्यावर दडवू लागले. त्याआधीच, १८९६ च्या ऑक्टोबरात, आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला होता. त्या लोकांना अडाणी म्हणून मोकळे होणे आम्हांस पटत नाही. रोग ओळखणाऱ्यावर विश्वास नसेल, तर रोगी त्याच्यापुढे येणार कसा?

वांद्रे, गिरगाव येथील आपल्या पूर्वजांनी त्या काळी क्रूस उभारले. ‘प्लेगचे क्रूस’ म्हणून ते आजही ओळखले जातात. काही सुशिक्षित त्यांना हसतात. शेजारी त्या क्रुसापाशी जमून प्रार्थना करीत, आणि कोणाच्या घरी कोण आजारी आहे ते तेथे आपोआप कळे. हेही काही थोडे नव्हते!

हा रोग इतिहासजमा झाला, असे मानणाऱ्यांना १९९४ ने जागे केले. बीड जिल्ह्यातील मामला गावी ऑगस्टमध्ये उंदीर पडले, पिसवा वाढल्या आणि गाठींचे रोगी आढळले. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ उठली. पन्नासहून अधिक माणसे दगावली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. मादागास्करमध्ये २०१७ साली मोठी साथ आली. आज मात्र स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सिसायक्लिन यांसारखी औषधे आहेत. वेळेवर मिळाली तर बहुतेक रोगी बरे होतात. फुप्फुसाच्या प्रकारात पहिला एक दिवसच हाती असतो. म्हणून असा ताप आलेल्या माणसाला तत्काळ रुग्णालयात न्यावे, खोकला असल्यास त्याच्या नाकातोंडावर फडके बांधावे, मेलेल्या उंदराला उघड्या हाताने शिवू नये आणि घरात वा गावात उंदीर पडले असल्यास ते डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. ते विचारतीलच असे नाही.