‘नाहीं’चे ‘नाही’: एक संपादकीय तळटीप
* मूळ प्रतीत ‘नाहीं’, ‘घरीं’, ‘त्यांनीं’ अशी रूपे आहेत. १९६२च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, म्हणून या आवृत्तीत तेही काढले. हे काम हाताने न करता पायथॉनमधील ‘री’ या मॉड्यूलकडे सोपवले. रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे नेमका शब्द न सांगता शब्दाची ठेवण सांगणे; येथे ती ‘शब्दाच्या अखेरीस ीं’ अशी होती. ‘सब’ हे फंक्शन अशी प्रत्येक जागा शोधून तेथे नुसती ी ठेवते.

घोटाळा ‘अखेरीस’ या शब्दात झाला. शब्दसीमेसाठी पायथॉनमध्ये तयार खूण आहे, पण ‘री’च्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे शब्दाचे भागच नव्हेत. त्यामुळे अनुस्वारानंतर मोकळी जागा आली तर त्याला सीमा दिसत नाही, व्यंजन आले तर दिसते! परिणाम अगदी उलटा: ‘नाहीं’ जसेच्या तसे राहिले आणि ‘मुलींनी’चे ‘मुलीनी’ झाले. मग सीमेची खूण काढून ‘पुढे देवनागरी चिन्ह नसेल तरच’ अशी अट घातली. तीही अपुरी पडली, कारण युनिकोडच्या देवनागरी विभागात दंडही येतो आणि ‘नाहीं।’ सुटून जाते. दंड अटीतून वगळला, तेव्हा जमले.

एक अपवाद मात्र डोळ्यांनीच शोधावा लागला. पूजाविधीच्या प्रकरणातील ‘ह्रीं’ या बीजमंत्राचा अनुस्वार यंत्राने निमूटपणे उडवला होता. तो परत बसवला आहे.