आजाराची मोजणी आणि परस्परसाह्य विमा : ब्रिटनचा अनुभव (१८२४–१९१४)

समूहातील सर्वांनी थोडी थोडी वर्गणी काढून आजाऱ्यास भत्ता द्यावयाचा, ही कल्पना साधी आहे. परंतु वर्गणी किती असावी, हा प्रश्न साधा नाही. त्या समूहातील माणसे कोणत्या वयात, वर्षातून किती दिवस आजारी असतात, यावर त्याचे उत्तर अवलंबून असते. ब्रिटनमधील फ्रेंडली सोसायट्यांनी, म्हणजे श्रमिकांच्या परस्परसाह्य मंडळांनी, हे उत्तर कसे शोधले, ते पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रारंभी बहुतेक मंडळे वयाचा विचार न करता सर्वांकडून सारखीच वर्गणी घेत. सभासद तरुण असेतो शिल्लक वाढे. ते वृद्ध होऊ लागताच भत्त्याचा भार वाढून पेटी रिकामी होई, आणि वीस-तीस वर्षे वर्गणी भरलेल्या माणसास ऐन गरजेच्या वेळी रिक्तहस्त राहावे लागे. अठराव्या शतकाच्या अखेरीस रिचर्ड प्राइस याने आजारमानाचे कोष्टक मांडले. पण त्याचा आधार अनुमान हा होता, मोजणी नव्हे. १८२४ साली हायलँड सोसायटीने स्कॉटलंडमधील मंडळांच्या नोंदींवरून अहवाल सिद्ध केला. पुढे १८३५ साली चार्ल्स ॲन्सेल याने इंग्लंडमधील मंडळांचा १८२३ ते १८२७ चा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा तेथील आजारमान स्कॉटिश आकड्यांहून अधिक भरले. एका समूहाचे कोष्टक दुसऱ्याने जसेच्या तसे स्वीकारणे किती धोक्याचे, हे त्यावरून दिसून आले.

‘ऑडफेलोज’ च्या मँचेस्टर युनिटी या संस्थेचा पदाधिकारी हेन्री रॅटक्लिफ याने शाखांकडूनच १८४६–४८ ची माहिती मागविली, आणि १८५० साली वय, व्यवसाय व वस्तीचा प्रकार यांनुसार आजारमान मांडले. याच संस्थेच्या १८९३–९७ च्या अनुभवावरून आल्फ्रेड वॉटसन याने केलेली कोष्टके १९०३ साली प्रसिद्ध झाली, व १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याच्या गणितास तीच आधारभूत ठरली.

परंतु हा अनुभव मुख्यतः संघटित पुरुष कामगारांचा होता. कायदा अमलात येताच स्त्रियांचे भत्त्याचे दावे अपेक्षेहून अधिक आले. खोट्या आजाराचा संशय व्यक्त झाला व चौकशी-समिती नेमण्यात आली. १९१४ च्या तिच्या अहवालास जोडलेल्या स्वतंत्र टिपणात मेरी मॅकार्थर यांनी स्त्रियांचे अल्प वेतन, दारिद्र्य व खडतर श्रम यांकडे लक्ष वेधले. भत्त्याअभावी पूर्वी अंगावर काढलेला आजार आता प्रथमच नोंदला जात होता.

दाव्यांची नोंदवही दावा करू शकणाऱ्यांचाच आजार सांगते. म्हणून स्थानिक आरोग्यविमा आखताना रुग्णालयाच्या नोंदी पुरेशा नाहीत. वर्गणी ठरविण्यापूर्वी घरोघर जाऊन, जे उपचारास आलेच नाहीत त्यांचीही विचारपूस करावी लागते. अन्यथा गणितातील उणीव पुढे विमाधारकाचा अप्रामाणिकपणा म्हणून गणली जाते.