डबल्सची कुळकथा

मराठी माणसाला त्रिनिदाद ठाऊक आहे ते 1971 मुळे. वाडेकरांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेनला कसोटी जिंकली, गावसकर तिथेच पहिल्यांदा खेळले आणि मालिकेत 774 धावा करून परतले. पण तिथे लोक खातात काय, असं मंठ्याच्या बसस्टँडवर विचारलं तर चार जण चार बॉलरांची नावं सांगतील, पदार्थ एकही नाही. गंमत अशी की तिकडच्या साध्या हॉटेलातली, म्हणजे ‘रोटी शॉप’मधली, भिंतीवरची यादी मंठेकराला कुणाला न विचारता कळेल. डालपुरी, सादा रोटी, आलू, चना, बैगन चोखा, फुलौरी. आणि सकाळी सकाळी ज्याच्यासाठी रांग लागते ते डबल्स.

डबल्स म्हणजे दोन मऊ बारे आणि त्यावर छोल्यांची रसदार भाजी. बारा हा वड्याचा भाऊबंद, पण वळण भटुऱ्याचं. मैद्यात हळद, जिरं, मीठ आणि यीस्ट घालून पीठ चांगलं सैल भिजवायचं आणि फुगू द्यायचं. मग तेलाच्या हाताने लिंबाएवढा गोळा थापून कडकडीत तेलात सोडायचा. टम्म फुगला की उलटायचा आणि लगेच काढायचा. तांबूस होऊ द्यायचा नाही, कुरकुरीत तर मुळीच नाही. तळलेले बारे झाकून ठेवले की आतल्या आत वाफेने लुसलुशीत होतात. गिऱ्हाईक आलं की कागदावर दोन बारे एकमेकांवर अर्धवट चढवून ठेवतात, वर छोले, चिंचेची चटणी, किसलेली काकडी, ‘शाडो बेनी’ नावाच्या उग्र वासाच्या पाल्याची चटणी, शेवटी मिरची. कागदाची टोकं पिरगळली की पुडी तयार. खायचं उभ्याउभ्याच.

तिखट किती, हे आधी सांगावं लागतं. ‘स्लाइट’ म्हणजे बोटाला लागेल इतकंच. ठेच्यावर वाढलेल्या माणसानेही तिथे फुशारकी मारू नये, त्यांची स्कॉच बॉनेट आपल्या लवंगीला सहज मागे टाकते. शिवाय मिरची मुळात अमेरिकेकडची. कोलंबसाने 1493 च्या जानेवारीत हिस्पॅनिओला बेटावर तिची नोंद केली, आपल्याकडे ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. मिरची तिकडून इकडे आली आणि हळद-जिरं इकडून तिकडे गेलं. मधे साडेतीन शतकं गेली आणि त्याला निमित्त झालं उसाचं.

ब्रिटिश वसाहतींत 1834 ला गुलामगिरी कायद्याने संपली. चार वर्षांची उमेदवारी नावाची पळवाटही 1838 ला बंद झाली. मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते. त्याच वर्षी हिंदुस्थानी मजुरांची पहिली जहाजं गयानाला लागली. 30 मे 1845 रोजी ‘फॅटेल रझाक’ हे जहाज सव्वादोनशे माणसं घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला पोचलं. 1917 पर्यंत एकट्या त्रिनिदादला जवळपास 1 लाख 44 हजार माणसं गेली. बहुतेक कलकत्त्याहून सुटलेली, भोजपुरी-अवधी मुलखातली, काही मद्रासकडची. मुंबईहून जी मराठी माणसं निघाली ती मुख्यतः मॉरिशसला उतरली, म्हणून या पदार्थांवर आपला ठसा नाही.

तरी गिरमिट, म्हणजे या मजुरांना बांधून ठेवणारा करार, काय असतो हे मंठा-परतूर भागात फोड करून सांगावं लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून उचल घेऊन, नवरा-बायको मिळून एक कोयता असा हिशेब लावून इथल्या टोळ्या ऊसतोडीला जातात. उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. त्रिनिदादला करार पाच वर्षांचा होता, मळ्याबाहेर पडायला पास लागायचा आणि गैरहजेरीला तुरुंग होता. फडावरची टोळी पाडव्याच्या आगेमागे गावी परतते, ती माणसं बहुतेक परतली नाहीत. 1869 पासून काही वर्षं तर परतीच्या भाड्याऐवजी जमीन देण्याची सोय झाली आणि गावं वसली.

मळ्यावर तांदूळ, डाळ, तेल-तूप असं रेशन मिळे, त्याचे पैसे मजुरीतून कापले जात. त्यातूनच चूल उभी राहिली. चणाडाळीच्या जागी पिवळ्या वाटाण्याची डाळ आली, ती शिजवून, वाटून, जिरं घालून पोळीत भरली की डालपुरी. पुरणपोळीतला गूळ काढून टाकला तर उरेल साधारण तशी. पुढे त्याच पोळीत भाजी किंवा मटण गुंडाळून विकायची चाल पडली, आणि आजचं रोटी शॉप त्यावरच चालतं. पण कितीतरी वर्षं हे ‘कुलीं’चं खाणं म्हणून हिणवलं गेलं. शाळेच्या डब्यात रोटी न्यायची पोरांना लाज वाटायची.

डबल्सचा जन्म मात्र मळ्यातला नव्हे, बाजारातला. दीन घराण्याची हकीगत अशी की 1936 च्या सुमाराला दक्षिणेतल्या प्रिन्सेस टाउन गावी ममूल दीन आणि त्यांची बायको रसूलन कागदात छोले विकत. मग त्याबरोबर एक बारा द्यायला लागले. लोक म्हणू लागले, डबल करा. नाव पडलं ते तसंच. मला ही हकीगत पटते. खवय्यांच्या भुकेतूनच असले पदार्थ ठरतात, आचाऱ्याच्या कल्पकतेतून कमी. सायकलीवर लाकडी पेटी बांधून दीन मंडळींनी ते गावोगाव नेलं, नातेवाइकांनी दुसऱ्या गावांत गाड्या लावल्या. पुढे आफ्रिकी वंशाच्या गिऱ्हाइकांनीही ते आपलं मानलं आणि ‘कुलींचं खाणं’ हा शिक्का पुसला गेला.

त्रिनिदादची माणसं न्यूयॉर्कला गेली तेव्हा गाडाही मागोमाग गेला. ब्रुकलिनमधल्या ‘ए अँड ए बेक अँड डबल्स’ या छोट्याशा दुकानाला 2019 मध्ये जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा ‘अमेरिकाज क्लासिक्स’ सन्मान मिळाला. मोठमोठ्या हॉटेलांचे आचारी ज्या संस्थेच्या बक्षिसाकडे डोळे लावून बसतात, तीच ही संस्था.

मंठ्यात कुणाला करून बघायचं असेल तर सामान सगळं बाजारात आहे. शाडो बेनी तेवढी मिळणार नाही, कोथिंबीर लसणाबरोबर वाटून दुप्पट घाला. छोले जरा जास्त शिजवा, काही दाणे पळीनेच ठेचा म्हणजे रस धरतो. आणि बाऱ्याचा आळस करून पाव लावू नका, ते मग डबल्स राहत नाही.