कोल्हा की खोकड? : बालकांच्या प्राणिपुस्तकांचा एक मागोवा

मराठी मुलखाबाहेर संसार थाटलेल्या आम्हां मंडळींस लहान मुलांसाठी पुस्तक निवडणे ही वाटते तितकी क्षुल्लक बाब नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीचा हुकूम येतो आणि बिऱ्हाड हलते. शाळा बदलते, शेजार बदलतो, अंगणातल्या पाखरांची नावेही बदलतात. मराठी घरात मूल जे पहिले शब्द उचलते त्यांत काऊ, चिऊ, माऊ ही प्राण्यांचीच नावे पुष्कळ असतात. पुढे पुस्तकांतील नावे त्यांची जागा घेतात. ती कोणत्या भाषेतली असावीत, आणि नावाखालचे चित्र खरे असावे की कसेही चालेल, हे सर्वस्वी आपल्या निवडीवर अवलंबून राहते. ही निवड डोळसपणे करावयाची तर अशा पुस्तकांचा पूर्वेतिहास थोडा पाहिला पाहिजे.

प्राण्यांच्या तोंडून मुलांस शहाणे करण्याची युक्ती आपल्या देशास फार जुनी. अमरशक्ती राजाच्या तीन मंदबुद्धी पुत्रांना सहा महिन्यांत नीतिनिपुण करण्याचा विडा विष्णुशर्म्याने उचलला, अशी पंचतंत्राची प्रस्तावना आहे. सहाव्या शतकात इराणच्या नौशेरवान बादशहाच्या पदरी असलेल्या बर्झोया वैद्याने तो ग्रंथ पहलवी भाषेत नेला, आणि आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याने त्यास अरबी रूप दिले. करटक व दमनक हे आपले दोन कोल्हे तेथे ‘कलीला’ आणि ‘दिम्ना’ झाले. मात्र हे कोल्हे राजनीती बोलतात. कोल्हा राहतो कोठे, खातो काय, हे ते सांगत नाहीत. ग्रंथकारास माणूसच शिकवावयाचा होता. प्राणी हे केवळ निमित्त.

प्राणी हाच धड्याचा विषय करण्याचे श्रेय पुष्कळसे कोमेनियसकडे जाते. युद्ध आणि धर्मच्छळ यांमुळे मायभूमीस मुकलेल्या या शिक्षकाचे ‘ऑर्बिस पिक्टस’ हे सचित्र पुस्तक 1658 मध्ये न्यूरेंबर्ग येथे लॅटिन व जर्मन अशा दोन भाषांत निघाले. त्याच्या आरंभी मुळाक्षरे आहेत, आणि प्रत्येक अक्षरापाशी एक चित्र व एक आवाज. पहिले चित्र कावळ्याचे! आपल्याकडील आई तान्ह्याला घास भरविताना ज्या पाखरास हाक मारते, त्याच पाखरापासून त्या थोर शिक्षकानेही प्रारंभ केला. पाहिलेली वस्तू, तिचा आवाज आणि तिचे मातृभाषेतील नाव ही तिन्ही एकत्र आली म्हणजे ज्ञान पक्के होते, हे त्यामागील तत्त्व.

पुढे 1786 मध्ये इंग्लंडात सॅरा ट्रिमर या बाईंनी रॉबिन पक्ष्यांच्या कुटुंबाची कथा लिहिली. पाखरे त्यांनीही बोलती केली. परंतु ही संभाषणे खरी नव्हेत, कल्पित आहेत, हे मुलांच्या मनावर बिंबवावे, असे प्रस्तावनेत बजावण्यास त्या विसरल्या नाहीत. कल्पित ते कल्पित म्हणून सांगावे, खरे ते खरे म्हणून, ही शिस्त आजही उपयोगी आहे.

आता आपल्या घरचा इतिहास. मुलांसाठी मराठीत छापलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी एक पुण्यात नव्हे, मुंबईतही नव्हे, तर तमिळ मुलखातील तंजावरास छापले गेले, ही गोष्ट आम्हां बाहेरच्यांनी अभिमानाने ध्यानी ठेवावी. दुसऱ्या सरफोजी राजांच्या आश्रयाने, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, सक्खन पंडितांनी इसापच्या कथा ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने मराठीत आणल्या. मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांची इसापनीती निघाली ती 1828 मध्ये. भोवती तमिळ बोलणारा समाज असता मूठभर मराठी कुटुंबांच्या मुलांच्या हाती मराठी अक्षर पडावे, यासाठी राजाने छापखाना चालविला, हे लहान काम नव्हे.

पण इसापबरोबर एक गोंधळही आला. ग्रीक कथेतील धूर्त प्राणी तो ‘फॉक्स’. त्यास मराठीत कोल्हा म्हणण्याचा प्रघात पडला. वास्तविक कोल्हा म्हणजे इंग्रजीतला ‘जॅकल’. ‘फॉक्स’ला आपल्याकडे खोकड हे अस्सल नाव आहे. भाषांतरकारांस दोष देण्याचे कारण नाही, कारण आपल्या कथांत लबाडीचा मान पूर्वीपासून कोल्ह्याकडेच होता. अडचण उत्पन्न होते ती चित्रामुळे. तांबूस अंगाचे, शेपटीचे टोक पांढरे असलेले युरोपी खोकड काढून त्याखाली ‘कोल्हा’ असे छापले म्हणजे मूल एका प्राण्यास दुसऱ्याच्या नावाने ओळखू लागते, आणि माळरानावरचे आपले काळ्या टोकाच्या शेपटीचे खोकड बिननावाचेच राहते. बिबट्याच्या चित्राखाली चित्ता लिहिण्याचा प्रकारही तसाच. चित्त्याचे ठिपके भरीव, आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत उतरलेली काळी रेघ. बिबट्याच्या अंगावर पोकळ फुलांसारखी वलये. भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे 1952 मध्ये जाहीर झाले, आणि 2022 मध्ये आफ्रिकेतील चित्ते कुनोच्या रानात आणून सोडण्यात आले. चित्रच चुकीचे असेल तर या घटनेचा अर्थ मुलास कसा कळावा?

जवळचे पाहावे, हा धडा आपणांस एका सरकारी नोकराने दिला आहे. एडवर्ड हॅमिल्टन एटकिन यांचा जन्म 1851 मध्ये साताऱ्यास झाला, आणि नोकरी जकात व मीठ खात्यात. 1883 मध्ये स्थापन झालेल्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत ते होते. घरातील उंदीर, पाल, मुंग्या, दारचे कावळे यांवर त्यांनी मोठ्या विनोदाने लिहिले. 1941 मध्ये सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक आले, आणि पाखराचे चित्र पाहून ते ओळखण्याची सोय सामान्य वाचकास लाभली.

या सर्वांवरून आम्ही पुस्तक घेताना तीन गोष्टी पाहतो. त्यातील निदान अर्धे प्राणी मुलास खिडकीतून, गच्चीवरून वा जवळच्या रानात दिसण्याजोगे आहेत काय? चित्र आणि नाव यांचा मेळ बरोबर आहे काय? आणि गोष्ट ही गोष्ट म्हणून, माहिती ही माहिती म्हणून सांगितली आहे काय? मराठी पुस्तक न मिळाल्यास हिंदी वा इंग्रजी घेण्यास आमची हरकत नाही. मात्र चित्राखाली पेन्सिलीने मराठी नाव लिहावे. त्यास कोणत्याही कचेरीची मंजुरी लागत नाही. खोकड, दयाळ, मुंगूस, घोरपड हे शब्द मुलखाबाहेरच्या मुलास शाळेत कोणी शिकविणार नाही. ते घरातच उच्चारले गेले नाहीत, तर एका पिढीत नाहीसे होतील, आणि त्यांच्याबरोबर त्या त्या प्राण्याकडे पाहण्याची आपली जुनी ओळखही जाईल.